हुंडणावळ, बट्टा आणि ‘झीरो फी’

परदेशातून घरी पैसे पाठवताना मोबाइलच्या स्क्रीनवर दोन आकडे दिसतात. एक फी आणि दुसरा विनिमय दर. फी ठळक अक्षरात असते, दर जरा बारीक. आपण बहुतेकदा पहिला आकडा वाचतो आणि ‘पाठवा’ दाबतो.

या दोन्ही आकड्यांना मराठीत जुने शब्द आहेत. दागिन्याची घडणावळ, दळणाची दळणावळ, तशी हुंडीची हुंडणावळ. एका गावी पैसे भरायचे आणि दुसऱ्या गावी ते मिळावेत म्हणून सराफाला जो मोबदला द्यायचा, ती हुंडणावळ. दुसरा शब्द बट्टा. एक नाणं देऊन दुसरं घेताना जी रक्कम कापली जाते, तो बट्टा. हा शब्द आज फक्त ‘नावाला बट्टा लागला’ एवढ्यापुरता उरलाय, पण तो मूळचा सराफकट्ट्यावरचा.

म्हणजे फी ही हुंडणावळ आणि दरातला फरक हा बट्टा. घरी पैसे पाठवण्याचा इतिहास वाचताना मला सारखं एकच जाणवत राहिलं: हुंडणावळीवर सगळ्यांची नजर असते, त्यामुळे ती कमी होत जाते. बट्टा मात्र कधी नाहीसा होतो, कधी परत येतो, आणि येतो तेव्हा सहसा न सांगता येतो.

पैसा न हलवता पैसा पाठवणं

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ आपल्याला १८५७ च्या बंडाचं वर्णन म्हणून माहीत असतं. पण ते मुळात कमावण्यासाठी दूर गेलेल्या माणसाचं पुस्तक आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक घरावरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला, बंडात सापडला, लुटला गेला, आणि घरी परतला तेव्हा जवळ पैसा फारसा उरलेला नव्हता. कमाई अंगावर घेऊन शेकडो मैल चालायचं म्हणजे काय, ते त्यात दिसतं.

हुंडीनं हा धोका टळायचा. पुण्याच्या सराफाकडे रुपये भरायचे, तो काशीच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहून द्यायचा, आणि काशीत चिठ्ठी दाखवली की रुपये मिळायचे. चांदी पुण्यातून काशीला जायचीच नाही. उलट दिशेनंही कुणाला तरी पैसे पाठवायचेच असायचे, त्यामुळे दोन्ही सराफांच्या वह्यांमध्ये हिशेब बराचसा आपोआप वळता व्हायचा. उरलेल्या फरकापुरताच माल किंवा नाणं हलवावं लागायचं. पेशवाईत उत्तरेकडचा बराच महसूल पुण्याला हुंड्यांनीच यायचा.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हुंडीचे बारकावे वाचताना मजा वाटली. हुंडीवर रक्कम लिहिल्यावर तिची निमपट लिहून ‘त्याची दुप्पट’ असंही लिहायचे. कुणी आकड्यात खाडाखोड केली तर लगेच कळावं म्हणून. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघायची, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. एकाच हुंडीचे दोनदा पैसे जाऊ नयेत याची काळजी त्यात होती. आज पेमेंटच्या प्रोग्रॅममध्ये आम्ही हेच सगळं करतो, फक्त नावं इंग्रजी असतात.

हुंडणावळ ठरलेली नसायची. पुण्यातून काशीला पैसे पाठवणारे जास्त असले की ती वाढायची, उलटे असले की उतरायची. त्यावर बट्टा वेगळा. कारण रुपया एक नव्हता. पुण्यात अंकुशी, नाशिककडे चांदवडी, निजामाच्या मुलखात हाली सिक्का. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. सराफ नाणं पारखून बट्टा सांगायचा. तो जास्त वाटला तर माणूस शेजारच्या पेढीवर विचारू शकायचा, कारण ‘हुंडणावळ इतकी, बट्टा इतका’ अशा दोन वेगळ्या बाबी समोर मांडलेल्या असायच्या. सराफ काही दानशूर नव्हते. पण आकार कशाकशाचा, हे व्यवहाराच्या भाषेतच स्पष्ट होतं.

२० रुपयांना १ रुपया

१८३५ मध्ये कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया पाडायला घेतला. संस्थानांची नाणी पुढेही बरीच वर्षं चालली, पण इंग्रजी मुलखात बट्ट्याचा पाया हळूहळू ढासळला. राहिली हुंडणावळ. पण हुंडी होती पेढीवाल्यांसाठी. पाच-दहा रुपये पाठवणाऱ्याला सराफ उभं करत नसे.

या पाच-दहा रुपयेवाल्यांची संख्या मुंबईत वाढत होती. १८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा इथले हजारो पुरुष गिरणगावात आले. बायकामुलं गावी, आपण गाळ्यात दहाबारा जणांबरोबर, जेवण खानावळीत. पगार झाला की खानावळीचे, भाड्याचे आणि उधारीचे पैसे वजा करून उरलेले गावी पाठवायचे.

मनीऑर्डर आधी १८६२ पासून सरकारी खजिन्यांमार्फत चाले. १८८० मध्ये ती पोस्टाकडे आली आणि तिचं रूप बदललं. खजिना जिल्ह्याच्या गावी असायचा, पोस्ट मात्र तालुक्याच्या पलीकडे खेड्यापर्यंत पोचलं होतं. पोस्टमन रोख रक्कम घरी आणून द्यायचा, फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा आणि अंगठा घेऊन जायचा. अंतर कितीही असो, दर तोच. कोकणाला ‘मनीऑर्डरवर जगणारा प्रदेश’ म्हणायची पद्धत यातूनच पडली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पगार थांबले, तेव्हा त्याची झळ लालबाग-परळइतकीच कोकणातल्या आणि घाटावरच्या वाड्यांनाही बसली.

मनीऑर्डर स्वस्त होती का? अलीकडची कित्येक दशकं तिचा दर २० रुपयांना १ रुपया राहिलाय. म्हणजे ५ टक्के. हे कमी नाही. पण त्यात दोन गोष्टी होत्या: दर पोस्टाच्या खिडकीवर कुणालाही कळायचा, आणि बट्टा शून्य होता. मुंबईत १०० रुपये भरले तर वर ५ रुपये द्यायचे आणि देवरुखला १०० रुपयेच पोचायचे. हा ५ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आखातात चालणारा आपला रुपया

गिरणगावातून पैसे गावी जात होते तेव्हाच भारतीय माणूस समुद्रापलीकडेही कामाला जात होता. आज ऐकून आश्चर्य वाटेल, पण १९५० च्या दशकात कुवेत, बहरीन, कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीतली संस्थानं, इथे भारतीय रुपयाच चालायचा. कुवेतच्या तेल कंपनीत काम करणाऱ्या भारतीय फिटरला पगार रुपयांत मिळायचा. त्याच्या हातातली नोट आणि रत्नागिरीच्या बाजारातली नोट एकच. बट्ट्याचा प्रश्नच नव्हता.

हे मोडलं सोन्यामुळे. आखातात सोनं स्वस्त होतं, भारतात महाग. तस्कर इथे सोनं आणायचे आणि मिळालेले रुपये आखातात परत न्यायचे. तिथून ते बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे यायचे आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड द्यावे लागायचे. परकीय चलनाची चणचण असताना ही गळती परवडणारी नव्हती. म्हणून १९५९ मध्ये कायदा बदलून फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या आणि वेगळ्या क्रमांकाच्या नोटा काढल्या गेल्या. हाच ‘गल्फ रुपी’. किंमत तीच, पण भारतात ती नोट चालत नसे.

कुवेतनं १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीननं १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. आपली बचत एका रात्रीत इतकी उतरावी हे आखातातल्या राज्यकर्त्यांना मान्य होणं शक्यच नव्हतं. कतार आणि दुबई त्याच वर्षी बाहेर पडले, ओमान १९७० मध्ये. अरबी समुद्राच्या दोन काठांवर आता वेगवेगळी चलनं होती, आणि त्यांच्यामध्ये बट्ट्याला पुन्हा जागा झाली होती.

सरकारचा बट्टा

१९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले आणि आखातात कामाला जाणाऱ्यांची रीघ लागली. सर्वाधिक गेले केरळचे, पण रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांतूनही कितीतरी घरांतला एकेक पुरुष तिकडे गेला. पैसे पाठवण्याचा सरळ मार्ग बँक ड्राफ्टचा. ड्राफ्ट काढायचा, रजिस्टर पोस्टानं किंवा सुट्टीवर जाणाऱ्या गाववाल्याबरोबर पाठवायचा, मग घरच्यांनी तो तालुक्याच्या बँकेत भरायचा आणि वटायची वाट बघायची. तोवर कामगाराच्या खात्यातून गेलेले आणि घरी न पोचलेले पैसे बँकेकडे बिनव्याजी पडून. हाही एक आकार होताच, फक्त तो कुठल्या पावतीवर नसायचा.

त्याहून मोठा आकार दरात होता. त्या काळात रुपयाचा दर बाजारात ठरत नसे, सरकार ठरवत असे, आणि तो रुपयाला वाजवीपेक्षा महाग दाखवणारा होता. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे फेरा, १९७४ पासून लागू झाल्यावर अधिकृत रस्ता हाच एक. बँकेतून पाठवलं की दिनारमागे सरकारी दरानं रुपये. काळ्या बाजारात त्याच दिनारला जास्त रुपये मिळायचे. दोहोंतला फरक म्हणजे सरकारनं कापलेला बट्टाच. त्याला कर म्हटलं जात नव्हतं इतकंच.

हवाला फोफावला तो इथे. पद्धत हुंडीचीच. कुवेतमधल्या दुकानदाराला दिनार द्यायचे, मुंबईतला त्याचा माणूस गावी रुपये पोचवायचा. दर बँकेपेक्षा चांगला, पैसा दोन-चार दिवसांत दारात, फॉर्म नाही, प्रश्न नाहीत. या साखळीच्या दुसऱ्या टोकाला अनेकदा सोन्याची तस्करी असायची, पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नव्हती आणि पकडलं गेलं तर गुन्हा होता. हवालाचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण घाम गाळून चार पैसे वाचवणारा साधा माणूस हा धोका का पत्करत होता, याचं उत्तर विनिमय दरात आहे.

त्याचा पुरावा सरकारच्या पुढच्या पावलांत सापडतो. मार्च १९९२ मध्ये नियम बदलला: परदेशातून आलेल्या पैशातला ६० टक्के भाग बाजारभावानं बदलून मिळेल, उरलेला ४० टक्के सरकारी दरानं. म्हणजे बट्टा पहिल्यांदा आकड्यात लिहून समोर आला. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले. २००० साली फेरा जाऊन फेमा आला. परदेशस्थ भारतीयांनी बँकांमार्फत पाठवलेला पैसा १९९० च्या दशकात भराभर वाढला, त्याचं एक मोठं कारण दरातला हा बदल. धाडींनी जे जमलं नव्हतं ते बरंचसं दर सरळ केल्यानं जमलं.

तार, स्विफ्ट आणि मधली माणसं

आता बँकेच्या आत डोकावू. कुठल्याही भारतीय बँकेच्या दरपत्रकात ‘टीटी बाइंग’ असा रकाना असतो. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. भारतात तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, तरी युरो रुपयांत बदलताना लागतो तो दर अजून तारेच्या नावानंच ओळखला जातो. अमेरिकेत वेस्टर्न युनियननं तारेनं पैसे पाठवायची सेवा १८७१ मध्येच सुरू केली होती. तारेतून अर्थातच पैसा जात नव्हता, निरोप जात होता.

आजही तेच आहे. १९७३ मध्ये १५ देशांतल्या २३९ बँकांनी बेल्जियममध्ये स्विफ्ट ही सहकारी संस्था काढली, १९७७ मध्ये तिचं जाळं चालू झालं. बातम्यांमध्ये ‘स्विफ्टनं पैसे पाठवले’ असं वाचतो, पण स्विफ्ट फक्त निरोप नेतं: अमुक खात्यातून घ्या, तमुकला द्या. खरा हिशेब बँकांनी एकमेकींकडे उघडलेल्या खात्यांमध्ये होतो. जर्मनीतल्या एखाद्या छोट्या बँकेचं चिपळूणच्या बँकेशी थेट खातं नसतं. मग मध्ये एक बँक येते, कधी दोन. प्रत्येक जण आपला वाटा कापून पुढे देतो. म्हणून १,००० पाठवले तर कधी ९८५ पोचतात आणि मधले १५ कुणी घेतले ते पाठवणाऱ्याला कळत नाही.

निरोपाचा खर्च जवळपास नगण्य आहे, तो काही ओळींचा मजकूर असतो. बँकांचे खर्च खोटे आहेत असं मात्र नाही. परदेशातल्या खात्यांत पैसा अडकवून ठेवावा लागतो, पाठवणारा कोण आणि पैसा कुठला याची तपासणी करावी लागते, फसवणूक झाली तर निस्तरावी लागते. पण तोच खर्च असलेल्या दोन संस्थांच्या आकारात दुप्पट-तिप्पट फरक दिसतो. तेव्हा कारण वेगळं असतं: ग्राहक तुलना करत नाही, किंवा त्याला करता येत नाही.

मी जर्मनीत आल्यावर माझ्या बँकेच्या ॲपवर हिरव्या अक्षरांत ‘शून्य शुल्क’ लिहिलेलं होतं. त्याच मिनिटाला बाजारातला दर काय आहे ते बघितलं. ॲपमधला दर युरोमागे दीड रुपयानं कमी होता. १,००० युरोंवर दीड हजार रुपये. हुंडणावळ शून्य, बट्टा दीड हजार.

वह्या पुन्हा उघड्या

हे लक्षात आलेला मी काही पहिला नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून मेक्सिकोला पैसे पाठवणाऱ्या कामगारांच्या वतीनं मोठ्या मनी ट्रान्सफर कंपन्यांवर खटले झाले. तक्रार हीच होती: जाहिरातीत फी सांगता, दरातली कमाई सांगत नाही. ते तडजोडीवर मिटले. पण २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेनं जो वित्तीय सुधारणांचा कायदा केला, त्याखाली ऑक्टोबर २०१३ पासून एक नियम लागू झाला. पैसे घेण्याआधी फी, विनिमय दर आणि पलीकडे नेमकी किती रक्कम पोचेल हे सांगणं बंधनकारक झालं.

त्याच सुमारास, २०११ मध्ये, लंडनमध्ये राहणाऱ्या क्रिस्टो कारमान आणि ताव्हेत हिनरिकस या दोन एस्टोनियन मित्रांनी ट्रान्सफरवाइज काढली, आजची वाइज. एकाचा पगार युरोत आणि खर्च पौंडात, दुसऱ्याचा पगार पौंडात आणि एस्टोनियातल्या घराचं कर्ज युरोत. दोघं आपापसात बाजारभावानं अदलाबदल करायचे. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. पुण्या-काशीच्या सराफांना हे समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नसती. नवं होतं ते एवढंच की त्यांनी दर बाजाराचा ठेवला आणि आपली कमाई फी म्हणून वेगळी लिहिली. हुंडणावळ आणि बट्टा पुन्हा दोन वेगळ्या रकान्यांत आले, आणि मग इतरांनाही दर सुधारावे लागले.

किती पोचले?

जागतिक बँक २००८ पासून जगभरचे हे दर मोजते, फी आणि दरातला फरक दोन्ही धरून. २०० डॉलर पाठवायला २००९ मध्ये सरासरी पावणेदहा टक्क्यांच्या आसपास खर्च यायचा. त्या वर्षी जी-८ देशांनी ठरवलं की पाच वर्षांत तो ५ टक्क्यांवर आणू. सोळा वर्षांनंतर, २०२५ मध्येही तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास होता. संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या खाली आणण्याचं. पाठवणाऱ्या संस्थांच्या प्रकारांत सगळ्यात महाग बँका. मनीऑर्डरचे ५ टक्के आठवा. बैलगाडी आणि पायी चालणारा पोस्टमन यांच्या जागी उपग्रह आणि फायबर आलं, तरी जगाची सरासरी त्याहून वर आहे.

साडेसहा टक्के म्हणजे काय? जो माणूस दर महिन्याला सारखी रक्कम पाठवतो, त्याच्या वर्षभराच्या आकाराची बेरीज एका महिन्याच्या रकमेच्या पाऊण पटीहून जास्त होते. तेवढ्यात घरचा जवळजवळ एक महिना निघाला असता.

दक्षिण आशियाकडे येणारा पैसा जागतिक सरासरीपेक्षा स्वस्तात येतो, कारण या वाटेवर गर्दी मोठी आणि स्पर्धाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळपेक्षा थोडा जास्त. पण सरासरीमागे दोन वेगळी माणसं असतात. समजा दिरहमचा बाजारभाव २३ रुपये, एक्स्चेंजवाल्याचा दर २२.७० आणि फी २० दिरहम. बांधकामावरचा मजूर १,००० दिरहम पाठवतो: फीचे ४६० आणि दराचे ३०० मिळून ७६० रुपये गेले, म्हणजे ३.३ टक्के. त्याच खिडकीवर इंजिनिअर ५,००० पाठवतो: १,९६० रुपये, म्हणजे १.७ टक्के. ज्याची कमाई कमी त्याच्या रुपयाला भाव कमी. आणि ज्याच्याकडे ॲपसाठी लागणारी कागदपत्रं नाहीत, बँक खातं नाही, त्याला दुसऱ्या खिडकीवर विचारायची सोयही नाही.

पुढची दिशा दोन्ही बाजूंना जाताना दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताचं यूपीआय आणि सिंगापूरचं पे-नाउ जोडलं गेलं, मधल्या बँकांची साखळी टाळून दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत मोबाइल नंबरवर पैसे पाठवता येतात. दुसरीकडे अमेरिकेनं २०२५ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर लावला. तो खात्यातून किंवा कार्डानं पाठवणाऱ्याला लागत नाही. रोख रक्कम घेऊन खिडकीवर उभं राहणाऱ्याला लागतो.

म्हणून तंत्रज्ञान आलं की आकार आपोआप कमी होतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. १८३५ मध्ये बट्टा कमी झाला तो एका नाण्यामुळे, १९९३ मध्ये एका दरामुळे, २०१३ नंतर उघड हिशेबाच्या सक्तीमुळे. भारतीय बँका आणि परदेशातल्या भारतीय शाखांवर तशी सक्ती व्हावी असं मागायला काय हरकत आहे? बाजारभाव अमुक, आमचा दर तमुक, फरक इतके रुपये, असा एक रकाना पावतीवर छापायला एक दिवसाचंही काम नाही. मी हे प्रोग्रॅम लिहितो, मला माहीत आहे.

तोवर एक साधा प्रश्न पुरेसा आहे. ‘फी किती?’ असं विचारू नका. ‘घरी किती रुपये पोचतील?’ असं विचारा, आणि तोच प्रश्न आणखी दोन ठिकाणी विचारा. तुमच्या ओळखीचा कुणी दुबईत, मस्कतमध्ये मजुरीला असेल तर त्याच्यासाठीही विचारून ठेवा. त्याच्या १,००० दिरहममधले ३०० रुपये तुमच्या पाच मिनिटांत वाचू शकतात.